बॉनीची परतफेड

२०२३च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसला ग्रॅमी पुरस्कारांचा सोहळा रंगला होता. वर्षातल्या सर्वोत्तम गाण्यासाठी ॲडेल, बियॉन्से, टेलर स्विफ्ट, हॅरी स्टाइल्स अशी तगडी मंडळी रांगेत होती. अमेरिकेच्या तेव्हाच्या फर्स्ट लेडी जिल बायडेन यांनी पाकीट उघडलं आणि नाव घेतलं बॉनी रेटचं. वय ७३, तांबडे केस, कपाळावर पांढरी बट. तिचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसेना. नंतर एका ब्रिटिश वृत्तपत्राच्या मथळ्यात ती चक्क ‘अनोळखी ब्लूज गायिका’ ठरली.

तो मथळा मला लागला. तोवर दहा ग्रॅमी मिळवलेली आणि पन्नासहून अधिक वर्षं रंगमंचावर गात असलेली बाई अनोळखी कशी? पण पुरस्कारांची यादी वाचून दाखवली तरी तिची ओळख होणार नाही. ती करून द्यायची तर औषधाच्या एका छोट्या बाटलीपासून सुरुवात करावी लागेल.

बॉनीचा जन्म १९४९चा, कॅलिफोर्नियातल्या बरबँकचा. वडील जॉन रेट ब्रॉडवेच्या संगीत नाटकांतले नामवंत गायक-नट, आई पियानोवादक. आठव्या वर्षी नाताळात तिला गिटार मिळाली. पुढे चौदाव्या वर्षी न्यूपोर्ट महोत्सवातल्या ब्लूजची, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीताची, एक तबकडी तिच्या हाती पडली आणि पोरगी त्यात बुडालीच. गिटारच्या तारांवरून काहीतरी सरकवून काढलेला तो रडवेला, ताणलेला सूर कुठून येतो हे दाखवायला घरात कोणी नव्हतं. तिने सर्दीच्या गोळ्यांची काचेची बाटली भिजवून तिचं लेबल काढलं आणि बाटली मधल्या बोटात घातली. बहुतेक वादक ती अनामिकेत किंवा करंगळीत घालतात, हे कळेपर्यंत हाताला वळण लागून गेलं होतं. आजही बाटली मधल्याच बोटात असते. सूर पडद्यापडद्यांवर पायऱ्या न घेता घसरत, घोटाळत जातो. गिटारवर हिंदुस्थानी राग वाजवणाऱ्या ब्रिजभूषण काबरांची मींड ज्यांच्या कानात आहे त्यांना हा आवाज परका वाटायचा नाही.

१९६७ साली ती हार्वर्डच्या रॅडक्लिफ कॉलेजात दाखल झाली. विषय समाजशास्त्र आणि आफ्रिकेचा अभ्यास. तिथेच डिक वॉटरमन भेटले. विस्मरणात गेलेल्या कृष्णवर्णीय ब्लूज गायकांना शोधून पुन्हा मंचावर आणणारा हा माणूस. त्यांच्यामुळे सन हाउस, मिसिसिपी फ्रेड मॅकडॉवेल यांच्यासारख्या बुजुर्गांच्या पायाशी बसायला मिळालं. शिक्षण अर्धवट टाकून ती त्यांच्याबरोबर फिरू लागली. मॅकडॉवेल आयुष्यभर शेतात राबलेले, पन्नाशीनंतर नावारूपाला आलेले. वीस वर्षांची गोरी मुलगी त्यांच्या बोटांकडे बघत शिकत होती.

वॉर्नर या रेकॉर्ड कंपनीने करार पुढे केला तेव्हा तिची अट एकच होती: काय गायचं, कसं गायचं ते मी ठरवणार. १९७१चा पहिला अल्बम मिनेसोटातल्या एका तळ्याकाठच्या रिकाम्या शिबिरात चार ट्रॅकच्या यंत्रावर ध्वनिमुद्रित झाला. त्यात तिने सिपी वॉलेसची गाणी घेतली. सिपीबाई १९२०च्या दशकातल्या मोठ्या ब्लूज गायिका. नंतर कित्येक वर्षं डेट्रॉइटच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवत राहिल्या. बॉनीने त्यांना आपल्याबरोबर मंचावर आणलं, दौऱ्यांवर नेलं. एका फोटोत दोघी शेजारी उभ्या आहेत, पंचाहत्तरीच्या आसपासची सिपी ऐटीत आणि बॉनी तिच्याकडे बघत हसतेय. बॉनीचा माझा आवडता फोटो हाच.

सत्तरचं दशक तसं बेताचंच गेलं. समीक्षक वाखाणत, खप जेमतेम. गायक-गीतकार जॉन प्राइनचं ‘एंजल फ्रॉम मॉन्टगोमेरी’ तिने १९७४मध्ये गायलं आणि ते कायमचं तिचं होऊन बसलं, पण त्याने घर चालत नव्हतं. १९८३ साली नवा अल्बम जेमतेम पुरा होतो न होतो तोच वॉर्नरने तिला नारळ दिला. दारू आणि नशा वाढत गेली होती. १९८७मध्ये तिने दोन्ही सोडलं. नशेशिवाय हाताला तीच धार राहील का, ही भीती तिला होती, असं तिने पुढे मोकळेपणाने सांगितलं आहे.

धार राहिली. कॅपिटल कंपनीकडे डॉन वॉझ या निर्मात्याबरोबर तिने ‘निक ऑफ टाइम’ केला. १९८९चा तिचा दहावा अल्बम. शीर्षकगीत तिचं स्वतःचं. मूल हवं म्हणून तगमगणारी मैत्रीण, म्हातारे होत चाललेले आईवडील, आरशात दिसणारं स्वतःचं वय. पॉप संगीत तेव्हा विशीच्या पलीकडे बघायला तयार नव्हतं आणि ही चाळिशीच्या उंबरठ्यावर उभी राहून चाळिशीचंच गात होती. १९९०मध्ये एकाच रात्री चार ग्रॅमी मिळाले, त्यातला एक ब्लूज गायक जॉन ली हूकरबरोबरच्या गाण्याचा. अल्बम यादीत पहिल्या क्रमांकावर गेला आणि एकट्या अमेरिकेत पन्नास लाखांवर खपला. पुढच्या वर्षी ‘आय कान्ट मेक यू लव्ह मी’ आलं. ब्रूस हॉर्न्सबीचा पियानो आणि एका दमात गायलेला तो आवाज. ज्याला आपण नको आहोत त्याच्याशेजारी एक रात्र काढण्याची ही कहाणी. पण बॉनी रडत नाही, गळाही काढत नाही. प्रत्येक ओळीच्या शेवटी आवाज जरा आत ओढून घेते. पॉप गाण्यात ब्लूज कुठे मुरतो, असं कोणी विचारलं तर मी याच जागा दाखवीन.

हाती पैसा आणि नाव आल्यावर तिने काय केलं, हे मला तिच्या गाण्याइतकंच मोलाचं वाटतं. पन्नासच्या दशकातल्या कृष्णवर्णीय गायकांचे करार भयंकर होते. रॉयल्टी नाममात्र, वर स्टुडिओचा खर्च गायकाच्याच खात्यावर. ज्यांच्या गाण्यांवर कंपन्या उभ्या राहिल्या ते कागदोपत्री कंपनीचेच देणेकरी. ॲटलांटिक या रेकॉर्ड कंपनीला वर आणणाऱ्या गायिका रूथ ब्राउनला मधल्या काळात लोकांच्या घरी धुणीभांडी करावी लागली. तिने हक्काचे पैसे मागायला लढा दिला. त्यातूनच १९८८मध्ये ऱ्हिदम अँड ब्लूज फाउंडेशन उभं राहिलं आणि बॉनी संस्थापकांपैकी एक होती. थकलेल्या कलावंतांना औषधपाण्याची मदत आणि रॉयल्टीत सुधारणा हे त्याचं काम. चार्ल्स ब्राउनसारख्या मागे पडलेल्या गायक-पियानोवादकाला तिने आपल्या भरगच्च दौऱ्यांत आपल्याआधी गायला बसवलं.

आणि मिसिसिपीतल्या त्या समाध्या. फ्रेड मॅकडॉवेल १९७२ साली गेले. त्यांच्या कबरीवर दगड होता, पण त्यावर नावच चुकीचं कोरलेलं. १९९३मध्ये बॉनीच्या खर्चाने नवा दगड बसला. मेम्फिस मिनी ही गिटारवर भल्याभल्या पुरुषांना भारी पडलेली बाई १९७३ साली हलाखीत वारली. वॉल्स गावातल्या तिच्या कबरीवर वीसहून जास्त वर्षं खूण नव्हती. १९९६मध्ये तिथेही बॉनीने दगड उभा केला. गोऱ्या गायकांनी ब्लूजमधून किती आणि काय नेलं यावर पुष्कळ लिहिलं गेलंय आणि ती तक्रार खरी आहे. त्या तक्रारीला आपल्या खिशातून, नावानिशी उत्तर देणारे मात्र थोडे.

फेंडर कंपनीने गिटारचं मॉडेल पहिल्यांदा एका बाईच्या नावाने काढलं ते बॉनीच्या. त्यातलं तिच्या वाट्याचं मानधन मुलामुलींना गिटार शिकवण्यासाठी गेलं.

२०२३मध्ये जिंकलेलं गाणं म्हणजे ‘जस्ट लाइक दॅट’. टीव्हीवरच्या एका बातमीवरून तिला ते सुचलं: मुलगा गमावलेली आई आणि त्या मुलाचं हृदय मिळालेला माणूस. तो शोधत तिच्या दारी येतो आणि ती त्याच्या छातीला कान लावते. बॉनी हे साध्या गिटारवर, बोटांनी छेडत गाते, जॉन प्राइनच्या वळणाने. प्राइन २०२०मध्ये कोरोनाने गेला होता.

नव्याने ऐकायला बसणाऱ्याने आधी फ्रेड मॅकडॉवेल आणि सिपी वॉलेस ऐकावेत, मग बॉनीचा १९७१चा अल्बम, मग ‘निक ऑफ टाइम’. एका रविवारच्या दुपारी सहज होण्यासारखं आहे.