दप्तर, सोनेरी मासा आणि इराण



तुमच्या पाठीवर रोज जे ओझं असतं, त्याला आपण दप्तर म्हणतो. हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. पेशव्यांच्या काळी दप्तर म्हणजे कचेरीतली कागदपत्रं. पुण्याला 'पेशवे दप्तर' आजही जपून ठेवलेलं आहे. कचेरीतून हा शब्द कधीतरी शाळेच्या पिशवीत शिरला. इराणमधल्या मुलांकडेही 'दफ्तर' असतंच, पण तिथं त्याचा अर्थ वही.

अशाच एका वहीवर अब्बास किआरोस्तामी या इराणी दिग्दर्शकानं १९८७ साली एक सिनेमा केला. 'मित्राचं घर कुठे आहे?' हे त्याचं नाव. गोष्ट एवढीशी. अहमदच्या शेजारी बसणारा मुलगा गृहपाठ वहीत न लिहिता सुट्या कागदावर लिहून आणतो. गुरुजी दम भरतात, पुन्हा असं झालं तर शाळेतून नाव काढीन. घरी आल्यावर अहमदला दिसतं, त्या मित्राची वही चुकून आपल्याच पिशवीत आली आहे! मित्राचं घर पलीकडच्या गावात. आई म्हणते, आधी अभ्यास कर, मग रोटी घेऊन ये. आजोबा सिगारेट आणायला पिटाळतात. मोठं माणूस कुणी नीट ऐकूनच घेत नाही. (इथं तुमच्यातल्या किती जणांनी माना डोलावल्या, ते मला बसल्या जागी दिसतंय!) अहमद टेकडीवरची नागमोडी वाट धावत दोनदा त्या गावाला जाऊन येतो. घर काही सापडत नाही. मग रात्री तो काय करतो, ते मी सांगणार नाही. सिनेमा मिळवून बघा.

आता टीव्हीवरच्या बातम्यांतला इराण आठवा. आवळलेल्या मुठी, जळणारे झेंडे, क्षेपणास्त्रं, काळे कपडे घातलेल्या बायकांची रांग. ही चित्रं खोटी नाहीत. पण ती कॅमेरा कुणी धरला आणि कधी चालू केला यावर ठरतात. आपल्या वर्तमानपत्रांत परदेशाची जी छायाचित्रं छापून येतात, त्यांतली पुष्कळशी लंडन आणि न्यूयॉर्कच्या वृत्तसंस्थांकडून विकत घेतलेली असतात. तेव्हा इराणकडे आपण बरेचदा त्यांच्या खिडकीतून बघतो.

ती खिडकी जगाला खरी परिचयाची झाली १९७९ मध्ये. त्या वर्षी इराणमध्ये क्रांती झाली, राजा म्हणजे शहा देश सोडून गेला, आणि ४ नोव्हेंबरला तेहरानच्या विद्यार्थ्यांनी अमेरिकेच्या वकिलातीत घुसून तिथल्या माणसांना ओलीस धरलं. ५२ जण तब्बल ४४४ दिवस अडकून पडले होते. अमेरिकेतल्या एका टीव्ही कंपनीनं त्यावर रोज रात्री खास कार्यक्रम सुरू केला. रोज रात्री तोच जमाव, त्याच घोषणा! पाहुण्यांना, तेही दुसऱ्या देशाच्या वकिलांना, असं डांबून ठेवणं कुठल्याही नियमात बसत नाही, ते वाईटच झालं. पण त्या पोरांना एवढा राग कशाचा होता, हे सांगायला रात्रीचा कार्यक्रम फारसा थांबत नसे. त्यासाठी सव्वीस वर्षं मागं जावं लागतं.

इराणच्या दक्षिणेत १९०८ साली तेल सापडलं. ते काढायचा हक्क एका ब्रिटिश कंपनीकडे होता, आणि पुढे कंपनीचे निम्म्याहून जास्त भाग ब्रिटिश सरकारनंच विकत घेतले. आबादान गावी तेल शुद्ध करण्याचा प्रचंड कारखाना उभा राहिला. साहेबांसाठी हिरवळ, क्लब, पोहण्याचे तलाव. इराणी मजूर मात्र झोपड्यांत. त्यातल्या एका वस्तीचं नाव होतं कागझाबाद, म्हणजे आपल्या भाषेत कागदनगर! त्या नावावरूनच घरं कशी असतील ते ओळखा. जमिनीखालचं तेल इराणचं, पण त्यातून इराणला मिळायचा तो लहानसा वाटा.

मोहम्मद मोसद्दिक नावाचे एक वयस्कर, कायदा शिकलेले पुढारी म्हणाले, हे चालायचं नाही. १९५१ मध्ये इराणच्या संसदेनं तेल देशाच्या मालकीचं केलं आणि मोसद्दिक पंतप्रधान झाले. आपण १९४७ ला स्वतंत्र झालेले, तेव्हा त्यांचं म्हणणं आपल्याला कळायला जड जाऊ नये. ब्रिटननं इराणचं तेल कुणी घेऊ नये अशी नाकेबंदी केली. मोसद्दिक भांडायला कुठं गेले? तर न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघात आणि हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात. हेगला १९५२ मध्ये निकाल लागला की हा खटला चालवण्याचा अधिकारच या न्यायालयाला नाही. ब्रिटनची तक्रार तिथंच संपली.

आणि पाश्चात्य वर्तमानपत्रांत काय छापून येत होतं? मोसद्दिक भाषण करताना रडतात, मोसद्दिक पायजमा घालून पलंगावरूनच पाहुण्यांशी बोलतात. सत्तरीच्या घरातला आजारी माणूस, पलंगावर बसला तर बिघडलं कुठं? पण हसून झालं की समोरच्याचं म्हणणं ऐकावं लागत नाही. ही युक्ती तुमच्या वर्गातही चालते, बघा आठवून.

ऑगस्ट १९५३ मध्ये पैसे देऊन जमवलेली गर्दी आणि लष्कराचे रणगाडे तेहरानच्या रस्त्यांवर उतरले आणि मोसद्दिकांचं सरकार पडलं. पळून रोमला गेलेला शहा परत आला. मोसद्दिकांना तीन वर्षं तुरुंगवास झाला आणि त्यानंतर १९६७ मध्ये मरेपर्यंत त्यांना आपल्या गावी नजरकैदेत राहावं लागलं. हे सगळं घडवण्यात अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याचा हात होता. त्या खात्यानं तसं मान्य करणारे कागद साठ वर्षांनी, २०१३ मध्ये उघड झाले. इराणी माणसांना मात्र हे आधीपासून ठाऊक होतं. १९७९ मध्ये आजारी शहाला अमेरिकेनं उपचारासाठी आपल्याकडे घेतलं, तेव्हा तेहरानच्या पोरांना वाटलं, झालं, १९५३ पुन्हा येणार!

त्यानंतरचं थोडक्यात सांगते. १९८० मध्ये इराकनं हल्ला केला, लढाई आठ वर्षं चालली. शेवटच्या उन्हाळ्यात, ३ जुलै १९८८ ला, अमेरिकेच्या युद्धनौकेनं दुबईला निघालेलं इराणी प्रवासी विमान पाडलं. २९० माणसं गेली, त्यात ६६ मुलं होती.

म्हणजे इराणचे राज्यकर्ते बिचारे आणि बाकीचे दुष्ट, असं का? अजिबात नाही. १९७९ च्या क्रांतीत कितीतरी तऱ्हेची माणसं होती, पण सत्ता गेली धर्मगुरूंच्या हाती. नव्या घटनेत निवडणुका होत्या, संसद होती, राष्ट्राध्यक्ष होता. पण सगळ्यांच्या वर एक सर्वोच्च नेता, आणि निवडणुकीला कोण उभं राहू शकतं हे ठरवायला एक वेगळं मंडळ. शहाच्या वेळी विरोधक तुरुंगात जात, नंतरही जात राहिले.

बायकांच्या डोक्यावरच्या वस्त्राचंच घ्या. १९३६ मध्ये या शहाच्या वडिलांनी पडदा बंद केला, तेव्हा पोलीस रस्त्यात बायकांच्या डोक्यावरून चादर ओढत. क्रांतीनंतर डोकं झाकण्याची सक्ती झाली, तेव्हा पोलीस उघड्या डोक्याच्या बायकांना पकडू लागले. दोन्ही वेळा ठरवलं कुणी? सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी नावाची २२ वर्षांची मुलगी अशाच पोलिसांच्या ताब्यात असताना बेशुद्ध पडली आणि वारली. तेव्हा तुमच्याएवढ्या शाळकरी मुली डोक्यावरचे रुमाल काढून रस्त्यावर आल्या. त्यांची घोषणा आपल्यालाही जवळजवळ तशीच कळते: झन, जिंदगी, आझादी. झन म्हणजे स्त्री. काहींना यात जीव गमवावा लागला. आणि याच देशातल्या मरियम मिर्झाखानी २०१४ मध्ये गणितातलं फील्ड्स पदक मिळवणाऱ्या जगातल्या पहिल्या स्त्री ठरल्या. शाळा आणि पदवी, दोन्ही तेहरानमध्ये.

इतकं गंभीर झालं, आता जरा सणाकडे वळू. इराणचं नवं वर्ष म्हणजे नवरोज. दिवस आणि रात्र सारखी होतात त्या क्षणी, २० किंवा २१ मार्चच्या सुमारास, ते सुरू होतं. आपले पारशी शेजारी जमशेदी नवरोज साजरा करतात तोच हा दिवस. घरोघर 'हफ्त सीन' मांडतात, म्हणजे 'स' ने सुरू होणाऱ्या सात वस्तू: सीब म्हणजे सफरचंद, सीर म्हणजे लसूण, सिरका, आणि ताटलीत उगवलेले गव्हाचे हिरवे कोंब, सब्जे. नवरात्रातला आपला घट आठवला ना? हे कोंब तेराव्या दिवशी वाहत्या पाण्यात सोडतात. हफ्त म्हणजे सात, संस्कृत सप्तचा सख्खा भाऊ. आपला 'हप्ता' त्यातूनच आला. क्रांतीनंतर काही धर्मगुरूंना हा इस्लामच्या आधीचा सण फारसा रुचला नाही. नवरोजच्या आधीच्या मंगळवारी रात्री जाळावरून उड्या मारतात, तेही नको म्हणून सांगून पाहिलं. लोकांनी उड्या मारणं सोडलं नाही.

हफ्त सीनजवळ बरेच जण काचेच्या भांड्यात सोनेरी मासाही ठेवतात. जाफर पनाही यांचा १९९५ चा 'पांढरा फुगा' हा सिनेमा अशाच एका माशासाठी हट्ट धरून बसलेल्या सात वर्षांच्या रझियेचा आहे. नवं वर्ष लागायला दीड तास उरलाय आणि माशाची नोट गटाराच्या जाळीत पडलीये! शेवटी मदतीला येतो तो फुगे विकणारा एक अफगाण मुलगा. लहान मुलांच्या गोष्टी सरकारी कात्रीतून त्या मानानं सुखरूप सुटतात, म्हणून इराणी दिग्दर्शकांनी त्या इतक्या केल्या, असं म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. एवढं प्रेम काही केवळ कात्रीच्या भीतीनं येत नाही. पुढे पनाहींना सिनेमा करायला बंदी झाली, तुरुंगही झाला. तरी ते लपूनछपून सिनेमे करत राहिले, आणि मे २०२५ मध्ये कान महोत्सवातलं सर्वोच्च पारितोषिक त्यांनी मिळवलं. पुढच्याच महिन्यात इस्रायलनं तेहरानवर बॉम्ब टाकले, नंतर अमेरिकेनंही इराणवर. बातम्यांत आपण धूर पाहिला. रझियेचं शहर तेच.

आता तुमच्यासाठी एक काम. आई-बाबांना हाताशी घ्या आणि घरातले फारसीतून आलेले शब्द शोधा. बाजार, हजार, कागद, चाकू, पनीर हे मी सांगून टाकते, बाकीचे तुम्ही काढा. इराणी मुलाला ते बहुतेक समजतील. फक्त त्याच्याकडे 'गुलाब' मागू नका. तो धावत जाऊन बाटलीभर गुलाबपाणी घेऊन येईल. फुलाला तिथं नुसतं 'गुल' म्हणतात!