सिकलसेल आमच्या घरात, कंपनीच्या टेबलावर कोण?

रायपूरच्या पुरानी बस्तीत आमच्या घरात मराठी बोलली जाते, दाराबाहेर पाऊल टाकलं की छत्तीसगढी. आजोबा भंडाऱ्याहून इथं आले. सोबत भाषा आली, भीमजयंती आली आणि रक्तातून सिकलसेलही आला. माझी मावसबहीण आणि तिचा नवरा दोघंही 'एएस', म्हणजे वाहक. तिच्या गरोदरपणात एका खासगी नर्सिंग होममध्ये मी तिच्यासोबत गेले होते. बाहेरच्या बाकावर टाय लावलेला एक तरुण भेटला. बाळाच्या नाळेतलं रक्त साठवून ठेवणाऱ्या एका कंपनीचा. हप्त्यांची सोय आहे म्हणाला. या स्टेम सेल म्हणजे बाळाचा आयुष्यभराचा विमा.

मी विचारलं, बाळ 'एसएस' निघालं तर? आई-बाप दोघंही वाहक असले की प्रत्येक खेपेला ती शक्यता चारात एक असते. तसं झालं तर नाळेतल्या पेशींतही तोच दोष असणार. मग त्या पेशी त्याच बाळाच्या काय कामाच्या? तो गडबडला. माहितीपत्रकाचं मधलं पान उघडून म्हणाला, "दीदी, हमारी लीडरशिप टीम देखिए, सब बड़े लोग हैं." पानभर फोटो होते. संस्थापक, वैद्यकीय संचालक, मार्केटिंग प्रमुख. कोट आणि परदेशी पदव्या.

त्याचा राग आला नाही. तो गरियाबंदकडचा, मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी., घरातला पहिला पदवीधर. शिकला ते विज्ञान, विकतो आहे भीती, तीही महिन्याच्या टार्गेटवर. आपली मुलं या उद्योगात पोहोचतात ती बहुतेक त्या बाकापर्यंत, नाहीतर प्रयोगशाळेतल्या कंत्राटी टेक्निशियनच्या जागेपर्यंत. फोटोंच्या पानापर्यंत नाही.

बाळाचं नाळरक्त पुढे त्याच्या स्वतःसाठी वापरायचं म्हणून साठवण्याला वैज्ञानिक आधार नाही, असं आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटलं आहे. घरात आधीच रुग्ण असेल आणि त्याच्या निरोगी भावंडाचं नाळरक्त जुळणारं असेल, तर गोष्ट वेगळी. पण हा फरक समजावून सांगायला बसलं तर विक्री कमी होते. त्या फोटोंतल्या एकाच्या तरी घरी सिकलसेलचा रुग्ण असता, तर माझा प्रश्न कंपनीच्या बैठकीत आधीच विचारला गेला असता, असं मला वाटतं. छत्तीसगढमध्ये हा आजार गोंड, सतनामी, साहू, कुर्मी घरांत आहे. विदर्भात आदिवासींत आणि आपल्या बौद्ध वस्त्यांत. ज्यांच्या घरात तो आहे त्यांच्यासाठी हा प्रश्न अवघड नाही.

अमेरिकेकडे पाहा. बोस्टनची व्हर्टेक्स ही कंपनी आधी सिस्टिक फायब्रोसिसच्या औषधांवर मोठी झाली. तो आजार तिथे प्रामुख्याने गोऱ्यांत आढळतो. सिकलसेलचे रुग्ण त्याच्या दुपटीहून जास्त, बहुतेक काळे, आणि तरी दर रुग्णामागे संशोधनाचा पैसा वर्षानुवर्षं कमी. २०२३ च्या अखेरीस व्हर्टेक्स आणि क्रिस्पर थेरप्युटिक्सच्या 'कॅसजेव्ही' उपचाराला आधी ब्रिटनमध्ये आणि मग अमेरिकेत मान्यता मिळाली. रुग्णाच्याच रक्तनिर्मिती करणाऱ्या स्टेम सेल काढायच्या, जनुकात बदल करायचा, परत द्यायच्या. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे १८ कोटींहून जास्त रुपये. व्हर्टेक्सच्या प्रमुख रेश्मा केवलरामानी मुंबईत जन्मलेल्या. २०२० मध्ये त्या या पदावर आल्या तेव्हा भारतीय स्त्रीने शिखर गाठलं म्हणून आपल्याकडे कौतुक झालं. कौतुक व्हावंच. पण स्त्री किती, भारतीय किती, हे मोजायला आपण शिकलो आणि जात मोजायची वेळ आली की गप्प बसलो.

मोजणाऱ्यांनी मोजलं आहे. डी. अजित, हान डॉनकर आणि रवी सक्सेना यांनी २०१२ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त देशातल्या एक हजार मोठ्या कंपन्यांच्या संचालकांचा हिशोब मांडला. नऊ हजारांवर संचालकांपैकी सुमारे ९३ टक्के सवर्ण, ओबीसी ३.८ टक्के, अनुसूचित जाती-जमाती मिळून ३.५ टक्के. आडनावावरून जात ओळखण्याच्या पद्धतीला मर्यादा आहेत, हे समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला मान्य. पण ९३ चा आकडा मोजणीच्या चुकीने होत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात सूचीबद्ध कंपन्यांच्या संचालक मंडळावर किमान एक स्त्री सक्तीची केली. जातीबद्दल तसं एक वाक्यही त्यात नाही. खासगी कंपनीच्या दारात आरक्षण थांबतं आणि तिथून पुढे 'मेरिट' सुरू होतं, जे बरेचदा कॉलेजातल्या आणि सासर-माहेरच्या ओळखींचं दुसरं नाव असतं.

आता हे सगळं तातडीचं झालं आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेने विकसित केलेला सिकलसेलवरचा स्वदेशी जनुकीय उपचार जाहीर झाला. नाव 'बिरसा १०१', भगवान बिरसा मुंडांवरून. तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आलं. शास्त्रज्ञांच्या कामाबद्दल मला आदर आहे, स्वस्तात करण्याचा उद्देशही चांगला आहे. पण स्वस्त म्हणजे किती? चाचण्या कुठल्या शहरांत, आणि बस्तर किंवा गडचिरोलीच्या रुग्णाचं महिनोन्‌महिने तिथे राहण्याचं भाडं कोण देणार? संमतीपत्र गोंडीत असेल का? ज्या आरोग्य केंद्रात हायड्रॉक्सीयुरियाची साधी गोळी नियमित मिळत नाही, तिथल्या माणसाचं नाव यादीत कोण घालणार? हे निर्णय प्रयोगशाळेत होत नाहीत. ते त्या टेबलावर होतात. बाबासाहेब ज्यांना माऱ्याच्या जागा म्हणत, त्यांत आता ही टेबलंही धरायला हवीत. सरकारी पैशातून उभं राहिलेलं तंत्रज्ञान खासगी कंपनीकडे देताना करारातच अट घालता येते: निर्णय घेणाऱ्या समितीत रुग्णांच्या समाजातले लोक, आणि नेतृत्वाची सामाजिक आकडेवारी जाहीर. आपल्या संघटना फेलोशिपसाठी रस्त्यावर येतात. हेही मागण्यांच्या यादीत घाला.

बहिणीने त्या कंपनीकडे पैसे भरले नाहीत. बाळाची तपासणी सरकारी दवाखान्यात झाली, 'एएस' निघालं. त्या तरुणाने माझा नंबर घेतला होता. मागच्या आठवड्यात त्याचा मेसेज आला: पीएच.डी.ला प्रवेश घ्यायचा असेल तर नेटचा फॉर्म कधी निघतो?