आधी कागद, मग पूर्वज!

दर १ जानेवारीला एखादा नवा 'वंशज' उभा राहतो. "भीमा कोरेगावच्या स्तंभावर आमच्या खापरपणजोबांचं नाव आहे!" पुरावा? घरात तसं सांगतात.

आम्ही स्पष्ट सांगतो, हा पुरावा नव्हे. स्तंभावरच्या महार सैनिकांच्या नावांच्या शेवटी 'नाक' आहे, आजची आडनावं नाहीत. तशाच नावांची माणसं गावोगाव होती. नाव जुळलं म्हणून नातं जुळत नाही.

जात पडताळणीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा कागद मागितला की आपण कोतवाल बुकाच्या नकलेसाठी, आजोबांच्या शाळेच्या दाखल्यासाठी तहसील पालथी घालतो. मग १८१८ साठी ऐकीव गोष्ट कशी चालते? स्वतःपासून एकेक पिढी मागे जा. बापलेकाचा दुवा कागदावर सापडला नाही, तिथे 'सिद्ध नाही' असं लिहा. त्यात लाज कसली?

राजेरजवाड्यांना सूर्यवंशी ठरवणाऱ्या वंशावळींना आपण हसतो, आणि तेच स्वतः करायचं? आपला एक खोटा दावा उघडा पडला की विरोधक अख्खा इतिहासच खोटा ठरवतात.

बाबासाहेब १९२७ साली त्या स्तंभापाशी गेले, ते वंशावळ दाखवायला नव्हे. त्या शूरांचा वारसा सांगायला रक्ताचं नातं लागतच नाही.

जय भीम!