डिस्प्ले येत नाही? आधी हात मागे घ्या!

नवीन पीसी असेंबल केला, बटण दाबलं, पंखे गरगर फिरायला लागले, कॅबिनेटमधले रंगीत दिवेही लागले आणि मॉनिटर मात्र काळाठिक्कर! हॉस्टेलमध्ये कुणा ना कुणाच्या रूमवर हा प्रसंग येतोच. दहा मिनिटांत अख्ख्या विंगमधले तज्ज्ञ गोळा होतात. एक म्हणतो, "रॅम गेली." दुसरा म्हणतो, "छे रे, बोर्डच उडालाय." तिसरा कुणाला न विचारता प्रोसेसर काढायला बसलेला असतो.

मित्रांनो, माझं स्पष्ट मत आहे की अशा वेळी पीसीला मूळ बिघाडापेक्षा या मदतीचीच भीती जास्त. इंटेलने २००४ पासून आणि एएमडीने २०२२ च्या एएम-५ सॉकेटपासून डेस्कटॉपच्या पिना प्रोसेसरवरून काढून बोर्डावरच्या सॉकेटमध्ये बसवल्या. केसासारख्या बारीक पिना त्या. घाईत एखादी वाकली की बोर्ड गेलाच म्हणून समजा, आणि वाकलेल्या पिनांना वॉरंटी सहसा मिळत नाही. मूळ दोष कदाचित एका सैल केबलचा असतो आणि भुर्दंड बसतो घरून आलेल्या पैशांना.

'डिस्प्ले नाही' हे फक्त लक्षण झालं. ताप आला म्हणून डॉक्टर लगेच पोट फाडत नाही, आधी नाडी बघतो. पीसीची नाडीही बघता येते. चालू होताच बोर्ड स्वतःची तपासणी करतो. बऱ्याच बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट अशी नावं लिहिलेले चार बारीक दिवे असतात. जो दिवा लागून राहील, तिथे तपासणी अडली. दिवे नसतील आणि बोर्डावर स्पीकरची जागा असेल तर छोटासा स्पीकर जोडा. बीप किती आणि कशा वाजल्या, त्याचा अर्थ मॅन्युअलमध्ये सापडतो. पण मॅन्युअल उघडायचं म्हटलं की आपल्याला कमीपणा वाटतो!

माझा आग्रह एवढाच की क्रम पाळा. बाहेरून आत जा, आणि फुकटातल्या गोष्टी आधी तपासा. मॉनिटरचं इनपुट बरोबर निवडलंय का? ग्राफिक्स कार्ड असताना केबल बोर्डाला तर लावली नाही? कार्डच नसेल तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे का? इंटेलच्या नावात शेवटी 'एफ' असेल तर नसतं. रायझन ५००० मालिकेत नावात 'जी' नसेल तरीही नसतं.

मग पॉवर. २४ पिनांचा मोठा कनेक्टर सगळे लावतात, पण प्रोसेसरजवळच्या कोपऱ्यातला ८ पिनांचा राहून जातो. तेवढ्यावरही पंखे फिरतात, म्हणून माणूस फसतो. नंतर रॅम. 'टक्' आवाज येईपर्यंत दाबा, एकच पट्टी ठेवून बघा, स्लॉट मॅन्युअल सांगेल तोच. डीडीआर-५ असेल तर जरा दम धरा. पहिल्यांदा चालू करताना बोर्ड मेमरीशी जुळवून घेतो, त्यात काही मिनिटं पडदा काळा राहू शकतो. त्या वेळात चार वेळा बटण दाबणारे महाभाग आहेत आपल्यात.

कधी कधी सगळे पार्ट ठणठणीत असतात, फक्त बायोस जुना असतो. रायझन ५००० प्रोसेसर नोव्हेंबर २०२० मध्ये आले. त्याआधीच्या बायोसवरचा बी-४५० बोर्ड त्यांना ओळखतच नाही. त्यात प्रोसेसरचा काय दोष?

एवढं करूनही जमलं नाही तर प्रश्नाचे दोन तुकडे करा. बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. प्रोसेसर, कूलर, एक रॅम, पॉवर सप्लाय, आणि गरज असली तरच कार्ड. डिस्प्ले आला तर दोष बाजूला काढलेल्या सामानात किंवा कॅबिनेटमध्ये. चुकीच्या जागी लावलेला पितळी स्टँडऑफ बोर्डाला खालून टेकून शॉर्ट करत असतो. नाही आला तर दोष खोक्यावरच्या चार वस्तूंत. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदल कागदावर. हात घालण्याआधी भिंतीवरचा स्विच बंद. आणि पॉवर सप्लायचा डबा कधीही उघडायचा नाही, कारण बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

कुणी म्हणेल, एवढा उपद्व्याप कशाला, सरळ दुकानात न्या ना! न्या की. पण 'चालत नाही' म्हणून गेलात तर 'तुम्हीच बिघडवलंत' हे ऐकायची तयारी ठेवा. 'दुसऱ्या पीसीत चालणारी रॅम घातली तरी डीरॅमचा दिवा जात नाही' असं सांगितलंत तर दुकानदाराला वेगळं बोलावं लागतं.

आता थोडं सरांना आणि मॅडमना, रागावू नका! लॅबमध्ये सेटअप चालूच असतो, आणि रीडिंग किती यायला हवं ते सीनिअरच्या जर्नलमध्ये आधीच लिहिलेलं असतं. मग बिघाड शोधायचा कसा, हे शिकायचं कुठे? दर सेमिस्टरला एक प्रॅक्टिकल मुद्दाम बिघडवलेल्या सेटअपवर घ्या. मार्क दुरुस्तीला देऊ नका, लिहून ठेवलेल्या क्रमाला द्या. आणि प्रत्येक हॉस्टेलच्या ऑफिसात एक खोकं असू द्या: चालू असल्याची खात्री असलेला पॉवर सप्लाय, रॅमच्या एकदोन पट्ट्या, डिस्प्लेची केबल, छोटा स्पीकर आणि मल्टिमीटर. खर्च फार नाही, लॅबमधल्या जुन्या सामानातूनही बरंचसं जमेल.

तोवर विंगमधल्या तज्ज्ञांना हात जोडून विनंती. पुढच्या वेळी कुणाचा पडदा काळा दिसला, तर स्क्रू ड्रायव्हर रूमवरच ठेवा आणि येताना वही-पेन घेऊन या.