सौर पॅनेल आणि समुद्राचा वारा

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा उन्मळलेले माड, मोडलेले विजेचे खांब आणि उडालेली छपरे आपण पाहिली. २०२४ मध्ये ‘पंतप्रधान सूर्यघर’ योजना आली आणि छपरावर सौर पॅनेल बसविण्यास अनुदानाचे बळ लाभले. हे स्वागतार्हच आहे. परंतु विजेच्या बिलाचा हिशेब जितक्या बारकाईने होतो, तितक्या बारकाईने वाऱ्याचा क्वचितच होतो.

भारतीय मानकानुसार पणजीत बांधकामासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरावा लागतो. या वेगाचा दाब चौरस मीटरला सुमारे ९० किलो भरतो. तिरक्या पॅनेलखाली शिरलेला वारा ते छत्रीसारखे उचलतो. वीस-पंचवीस किलोंचे स्ववजन तेथे पुरे पडत नाही. छपराच्या कडांना व कोपऱ्यांना ही ओढ सर्वाधिक असते. म्हणून तेथे जागा मोकळी सोडावी. सांगाडा कौलांवर नव्हे, तर खालच्या भक्कम वाशांना जखडावा. खाऱ्या हवेत साधे लोखंडी बोल्ट गंजतात. ते स्टेनलेस स्टीलचेच हवेत.

उडालेले पॅनेल शेजाऱ्याच्या अंगणात कोसळले, तर जबाबदार कोण? अनुदानापूर्वीच्या तपासणीत सरकारने मीटरइतकेच महत्त्व सांगाड्यास द्यावे आणि तो वाऱ्याचा किती वेग सोसेल, याची लेखी हमी ठेकेदाराकडून घ्यावी. घरमालकांनीही मृगापूर्वी कौले परतताना बोल्ट आवळून घ्यावेत. पावसाळ्यापूर्वीची ही आपली जुनी शिस्त नव्या यंत्रास लागू करण्यात संकोच कसला?