‘सर्व्हर डाऊन आहे’ म्हणण्याआधी : सेटिंगचंही हजेरीपत्रक हवं



मे-जून आला की आमच्या कॅम्प १ मधल्या सायबर कॅफेत एकच वाक्य कानावर पडतं : “सर, सर्व्हर डाऊन आहे.” पालक कामावर खाडा करून आलेले असतात. मूल हातात गुणपत्रिकेची झेरॉक्स घेऊन उभं असतं. आणि आपण शिक्षकसुद्धा “उद्या या” म्हणून मोकळे होतो. जणू पाऊस पडावा तसा सर्व्हर आपोआप पडतो, त्यात कोणाचा दोष नसतो!

माझं मत वेगळं आहे. सर्व्हर पडतो तेव्हा दर वेळी यंत्र बिघडलेलं नसतं. पुष्कळदा कुठल्यातरी फाईलमधला एक आकडा चुकीचा असतो आणि त्याकडे महिनोन्‌महिने कोणी बघितलेलं नसतं. मुलांची हजेरी आपण रोज घेतो. मग ज्या डेटाबेसमध्ये त्या मुलांची नावं, गुण आणि जन्मतारखा आहेत, त्याच्या सेटिंगची हजेरी कोण घेतं?

आधी घरचंच उदाहरण देते. आमच्या शाळेत निकालपत्रकं काढायला एका माजी विद्यार्थ्याने छोटा प्रोग्राम करून दिला होता. आत मायएसक्यूएल हा डेटाबेस. पाच वर्षं सुरळीत चाललं. मग ऑफिसचा कॉम्प्युटर फॉरमॅट केला, प्रोग्राम परत टाकला, डेटा परत भरला. आणि निकालाच्या आदल्या दिवशी प्रिंट काढली तर गुण बरोबर, पण नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं! मायएसक्यूएलच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये अक्षरांची मूळ सेटिंग ‘लॅटिन १’ असायची, तिच्यात देवनागरी बसत नाही. त्या मुलाने सेटिंगच्या फाईलमध्ये एक ओळ लिहून ‘यूटीएफ-८’ केलं होतं. फॉरमॅटमध्ये ती ओळ गेली. ती होती हेच आम्हा कोणाला माहीत नव्हतं.

नावं आत शाबूत होती, फक्त बाहेर येताना बिघडत होती. पण घाईघाईत आम्ही काही मुलांचे पान उघडून गुण दुरुस्त केले आणि ‘सेव्ह’ दाबलं. त्या मुलांच्या नावांवर मात्र खरोखरच प्रश्नचिन्हं लिहिली गेली. शेवटी जनरल रजिस्टर काढून ती नावं पुन्हा टाईप केली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी वसवलेल्या आणि ८ ऑगस्ट १९४९ ला उल्हासनगर हे नाव मिळालेल्या या शहरात, कागद हरवला की माणसाचं काय होतं हे जुन्या घरांना वेगळं सांगावं लागत नाही. आमचं कागदी रजिस्टर जाग्यावर होतं म्हणून वाचलो.

आता मोठ्या सर्व्हरकडे वळू. १६ जुलै २०२१ ला दुपारी एक वाजता दहावीचा निकाल लागणार हे आधी जाहीर झालं होतं. परीक्षा रद्द झालेली, पंधरा लाखांहून जास्त मुलं वाट बघत होती. निकालाची संकेतस्थळं कित्येक तास उघडली नाहीत. पुढे २०२५ मध्ये अकरावीची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया पहिल्यांदाच राज्यभर लागू झाली. २१ मे ला नोंदणी सुरू व्हायची होती, संकेतस्थळ चाललं नाही, आणि नोंदणी २६ मे पासून सुरू झाली. दोन्ही वेळा गर्दी अचानक आली का? नाही. दिवस ठरलेला, मुलांची संख्या बोर्डाला माहीत. गर्दी होणारच होती. मग प्रश्न उरतो तो तयारीचा, आणि सेटिंग तपासणं हा त्या तयारीतला सगळ्यात स्वस्त भाग.

पालकांना समजेल असं सांगते. शहाड स्टेशनवर तिकिटाच्या दोनच खिडक्या उघड्या असतील, तर मागे कितीही मोठी इमारत असो, रांग पुलापर्यंत जाणारच. डेटाबेसलाही अशा खिडक्या असतात. एका वेळी किती जणांशी बोलायचं हा आकडा मायएसक्यूएलमध्ये मुळात १५१ असतो, पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये १००. कोणी बदलला नाही तर तोच राहतो. त्यापुढच्याला “टू मेनी कनेक्शन्स” असं उत्तर मिळतं, आणि आपण म्हणतो, सर्व्हर डाऊन. अर्थात आकडा वाटेल तेवढा वाढवणं हा उपाय नाही. प्रत्येक खिडकीला मेमरी लागते, ती संपली की सगळंच बसतं. म्हणून तो विचार करून ठरवायचा आणि मग त्यावर लक्ष ठेवायचं.

दुसरं सेटिंग क्लार्कच्या टेबलासारखं. लागणारी रजिस्टरं टेबलावर मावली तर काम झटपट, नाहीतर दर वेळी उठून कपाटाकडे जा. मायएसक्यूएलमध्ये हे टेबल मुळात १२८ एमबीचं असतं. यंत्रात मेमरी भरपूर असली तरी सांगितल्याशिवाय टेबल मोठं होत नाही. तिसरं म्हणजे घड्याळ. सर्व्हर जागतिक वेळेवर ठेवलेला असेल तर तो आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतो. १६ तारखेला पहाटे तीनला भरलेला अर्ज त्याच्या लेखी १५ तारखेचा. मुदतीच्या दिवशी हा गोंधळ किती महागात पडेल बघा.

पण माझा खरा मुद्दा पुढेच आहे. समजा, गर्दीच्या दिवशी एखाद्या हुशार तंत्रज्ञाने कमांड देऊन १५१ चा आकडा ५०० केला. काम चालू झालं, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पण मायएसक्यूएलमध्ये असा चालू सर्व्हरवर केलेला बदल फाईलमध्ये लिहून ठेवला नाही, तर सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावर पुसला जातो. पुढच्या वर्षी पुन्हा १५१, पुन्हा तीच रांग. धडा शिकलो, पण वहीत लिहिला नाही!

म्हणून सेटिंगचं हजेरीपत्रक हवं. काम फार अवघड नाही. ‘शो ग्लोबल व्हेरिएबल्स’ ही कमांड दिली की मायएसक्यूएल सगळी सेटिंग दाखवतो. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ‘पीजी सेटिंग्ज’ नावाचा तक्ता असतो. कोणता बदल सर्व्हर पुन्हा सुरू होण्याची वाट बघत अडकलाय, हेही त्यात दिसतं. रोज ठरलेल्या वेळी ही यादी आपोआप उतरवून घ्यायची, कालच्या यादीशी ताडायची. फरक दिसला की तीन रकाने भरायचे : कोणी बदललं, कधी, कशासाठी. शिवाय फाईलमध्ये लिहिलेलं आणि प्रत्यक्षात चाललेलं एकच आहे ना, तेही बघायचं.

कोणी म्हणेल, “बाई, हे तंत्रज्ञांचं काम, आपण कशाला नाक खुपसायचं?” मान्य, सेटिंग बदलायला आपण जायचं नाही. पासवर्ड, सर्व्हरचा पत्ता, आतले आकडे जाहीर करा असंही माझं म्हणणं नाही, ते धोक्याचं आहे. पण प्रश्न विचारायचा हक्क आपला आहे, कारण खाडा पालकांचा होतो आणि प्रवेश मुलाचा अडतो. प्रत्येक पोर्टलवर एवढं तरी लिहिलेलं असावं : एका वेळी किती लोक येतील असं धरून चाचणी घेतली, शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली, आणि बंद पडल्यास मुदत आपोआप वाढेल की नाही.

शाळांनी सुरुवात आपल्या ऑफिसातून करावी. आम्ही केली आहे. जनरल रजिस्टरच्या कपाटात आता एक दोनशे पानी वही आहे. त्यात प्रोग्रामची प्रत्येक बदललेली सेटिंग, तारीख आणि सही आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आठवी-नववीची दोन मुलं माझ्याबरोबर बसून यादी ताडतात. त्यांचा कॉम्प्युटरचा धडाही होतो. मागच्या महिन्यात त्यातल्या एकीने विचारलं, “बाई, ही ओळ वहीत आहे, पण कॉम्प्युटरमध्ये का नाही?” निकालाच्या आदल्या दिवशी आम्ही जे शोधत बसलो होतो, ते तिने दहा मिनिटांत पकडलं.

तुमच्या शाळेत ही वही आहे का? नसेल तर या सोमवारी सुरू करा.