पीएच.डी. झाली... पुढे?

मागच्या महिन्यात धुळ्याला लग्नाला गेलो होतो. मावसबहिणीची बायोकेमिस्ट्रीत पीएच.डी. झाली म्हणून सगळे कौतुक करत होते आणि लगेच पुढचा प्रश्न, "मंग, नोकरी लागनी का?" ती म्हणायची, "पोस्टडॉक बघतेय." समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा! एवढं शिकून अजून शिकणार?

रात्री तिने लॅपटॉप उघडून दाखवला. साठ मेल. सगळे एकसारखे, सगळे 'रिस्पेक्टेड सर'ने सुरू, सोबत सहा पानी बायोडेटा. उत्तरं दोन, दोन्ही नकार. "दादा, ओळखीशिवाय काही होत नाही," ती म्हणाली.

माझ्या मते हे अर्धसत्य आहे. ओळखीचा उपयोग होतोच, पण नसेल तर तिची जागा चांगला मेल घेऊ शकतो. मी शास्त्रज्ञ नाही, पण आमच्या टीमसाठी रिझ्युमे चाळतो. शंभर जणांना पाठवलेला मेल पहिल्याच ओळीत ओळखू येतो. आणि पोस्टडॉक म्हणजे काही कॅम्पस भरती नव्हे. तिथे एक माणूस आपल्या एका प्रश्नासाठी एक जोडीदार शोधत असतो.

आता पैशाचं. प्रोजेक्टमध्ये जागा मंजूर नसेल तर इच्छा असूनही प्राध्यापक कुणाला घेऊ शकत नाही. पण डीबीटीची रिसर्च असोसिएटशिप किंवा एएनआरएफची (पूर्वीचं एसईआरबी) नॅशनल पोस्टडॉक्टोरल फेलोशिप मिळाली, तर मानधन उमेदवारच सोबत घेऊन येतो. रिसर्च असोसिएटचं मानधन १ जानेवारी २०२३पासून महिना ५८,००० रुपयांपासून सुरू होतं, घरभाडं वेगळं. म्हणून "जागा आहे का?" असं विचारूच नये. "मी या फेलोशिपला अर्ज करतेय, तुम्ही मेंटर व्हाल का?" असं विचारावं. फरक केवढा पडतो बघा!

आणि प्रश्न आपला हवा. धुळे-नंदुरबारच्या भिल्ल, पावरा वस्त्यांमध्ये सिकलसेल आहे. जुलै २०२३मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, उद्दिष्ट २०४७. तपासणी होते, कार्ड मिळतं. पण पुढे हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या किती जण नियमित घेतात? कुणाला किती गुण येतो? रक्ताच्या आजारांवर काम करणारी आयसीएमआरची एनआयआयएच ही संस्था मुंबईत आहे. तिथे बसून सातपुड्यातल्या पाड्यावर फॉलो-अप करणं सोपं नाही.

बहिणीच्या बायोडेटात भाषा लिहिल्या होत्या : इंग्रजी, हिंदी, मराठी. मी विचारलं, "अहिराणी कुठे गेली? आणि शिरपूरच्या आजोळी शिकलेली भिलोरी?" म्हणाली, "ते काय लिहायचं, दादा! हसतील." जे साठ अर्जदारांपैकी एखाद्याकडेच असेल, तेच तिने लाजून लपवलं होतं.

दोष तिचा नाही. पाच वर्षांत तिला पीसीआर शिकवलं, पण पत्र कसं लिहायचं ते कुणीच शिकवलं नाही. माझं स्पष्ट मत आहे, थिसिस जमा करण्याआधीच्या वर्षात प्रत्येक गाइडने हे शिकवायला हवं. ज्यांच्या घरात, नात्यात कुणी संशोधक नाही त्यांना हे दुसरं कोण सांगणार?

आम्ही त्या रात्री पाच मेल लिहिले. पाच वेगळे मेल, प्रत्येकाचा पेपर वाचून. एकाचं उत्तर आलंय, "दोन पानी प्रस्ताव पाठवा."

नोकरी अजून लागलेली नाही. पण बायोडेटात आता पाच भाषा आहेत.